मुकुंदाचा जनरल आणि अकरावं प्रकरण

रियाचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. म्हणजे कॅमेरा आणि माइक बंद करून स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. मंगळवार, सकाळचे अकरा वाजले असतील. रिया ही मुकुंदाची मुलगी. ती बोस्टनला असते आणि एरवी वाढदिवसाला एक मेसेज टाकण्यापलीकडे माझ्याशी तिचा संबंध नाही. “काका, आर यू सिटिंग डाउन?” तिने विचारलं. मी उभाच होतो. “बाबा पास्ड अवे. ऑन द हायवे. नो नो, नॉट ॲन ॲक्सिडेंट...” ऑफिसला जाताना त्याला काहीतरी व्हायला लागलं असणार. त्याने इंडिकेटर दिला, उजवीकडच्या दोन लेन ओलांडून गाडी कडेला घेतली, बंद केली, चारही ब्लिंकर लावले आणि मग गेला. पोलिसाने काच वाजवली तेव्हा त्याला वाटलं, माणूस फोनवर बोलायला थांबलाय. “काका, ही इव्हन पुट द पार्किंग ब्रेक ऑन,” रिया म्हणाली, आणि तोवर सरळ बोलणारी ती पोरगी त्या वाक्यावर रडायला लागली. मीही रडलो. मुकुंदा तसाच होता. मरताना कोणाच्या गाडीला धक्का लागू नये एवढं बघून गेला.

त्याला आता सात आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी लिहा म्हटलं, मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून चारदा लिहायला बसून चारदा उठलोय. एकदा छपराच्या पन्हळीतली पानं काढायला, एकदा गाडीचं ऑइल बदलायला, दोनदा नुसताच. आमच्या ग्रुपवर लोकांनी लिहिलं, ‘शांत, संयमी व्यक्तिमत्त्व हरपलं.’ मला ते वाचून हसूच आलं. मुकुंदाला शांत म्हणणाऱ्याने त्याच्याबरोबर कधी शनिवारी इथल्या तळ्याला फेरी मारलेली नसणार. त्याच्यासोबत चालायचं म्हणजे सुटलेल्या बसमागे धावायचं. बोलता बोलता त्याचा वेग वाढायचा, हात सुटायचे, मध्येच थांबून काठीने जमिनीवर लढाईचा नकाशा काढायचा आणि ज्या दिशेने आलो त्याच दिशेने परत चालायला लागायचा. आणि हे सगळं कोणासाठी? तर सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका इटालियन जनरलसाठी.

जनरलचं नाव मी इथे लिहीत नाही. मुकुंदाने बजावलं होतं, पुस्तक येईपर्यंत नाव फोडायचं नाही, कोणीतरी आधी लिहून मोकळं होईल. इटलीतसुद्धा ज्याच्या नावाचा धड चौक नाही अशा माणसाचं मराठी चरित्र कोण चोरणार आहे, असं मी विचारायचो. तो गंभीरपणे म्हणायचा, “लोक काहीही चोरतात रे.”

या जनरलशी आमची गाठ पडली ती एका तळघरात, वॉशिंग मशीनच्या वर. एकोणीस वर्षांपूर्वी मी पुण्याहून न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आलो तेव्हा मुकुंदा आणि शीलावहिनी एका म्हाताऱ्या इटालियन माणसाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. माझ्या अपार्टमेंटमध्ये कपडे धुवायची सोय नव्हती, म्हणून शनिवारी बोचकं घेऊन मी त्यांच्याकडे जायचो. कपडे तळघरात, जेवण वर. त्या तळघरात मशीनच्या वर एक तसबीर टांगलेली होती, तोंड भिंतीकडे करून. तीन-चार शनिवार आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केलं, पण मुकुंदाला काही उलटं दिसलं की सुलट केल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्याने ती फिरवली. दाढी-मिशा, पदकं, तिरकस टोपी, आणि नजर अशी की आपण लाच खाताना सापडलोय असं वाटावं. तेवढ्यात मालक पायऱ्या उतरून आला. क्षणभर बघितलं आणि म्हणाला, “त्याला परत वळव. त्याची शिक्षा अजून संपलेली नाही.”

मालकाचं मूळ गाव दक्षिण इटलीतल्या डोंगरात. त्याच्या पणजोबाच्या लहानपणी या जनरलच्या सैन्याने ते गाव जाळलं होतं. घरची माणसं अमेरिकेला आली ती ही तसबीर घेऊन, आणि तेव्हापासून ती घराघरांतून भिंतीकडे तोंड करून टांगलेली. मुकुंदाने विचारलं, “मग ठेवली कशाला? फेकून द्यायची.” त्यावर म्हातारा चिडलाच. म्हणाला, “फेकली तर सुटेल ना तो!”

झालं. त्या दिवसापासून मुकुंदा त्या जनरलच्या मागे लागला. कॉलेजात त्याने इतिहासाला हात लावला नव्हता. आम्हा दोघांचं एकाच इन्शुरन्स कंपनीच्या आयटीत काम, त्याच्या डोक्यात चोवीस तास सर्व्हर. पण त्याने लायब्ररीतून पुस्तकं मागवली, गाडीत कॅसेट लावून इटालियन शिकला, तुरीनच्या अर्काइव्हला ईमेल लिहून जुन्या पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती मिळवल्या आणि डिक्शनरी घेऊन एकेक ओळ फोडत बसला. ऑफिसात ऑडिटची सवय असल्यामुळे त्याने एक नियम केला होता. ज्याला कागद नाही ते वाक्य नाही. प्रत्येक वाक्याला तळटीप. मी म्हणायचो, “मुकुंदा, ‘सकाळ झाली’ याला तरी तळटीप नको देऊस.” तो म्हणायचा, “कुठल्या गावात? ढग होते की नव्हते?” आणि खरंच त्याच्याकडे एका शिपायाची डायरी असायची, ढग होते म्हणणारी.

मला त्या जनरलबद्दल जे काही माहीत आहे ते सगळं तळ्याभोवती चालताना कळलेलं. उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या नोटरीचा मुलगा. बापाला वाटायचं पोराने वकिली करावी, पोरगा पंधराव्या वर्षी तुरीनच्या सैनिकी शाळेत पळाला. घरी बोलीभाषा, मेसमध्ये फ्रेंच, आणि ज्या इटलीसाठी आयुष्यभर लढला तिची भाषा त्याला पुस्तकातून शिकावी लागली. मुकुंदाला हे फार आवडायचं. “आपल्यासारखाच की रे, प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी वाक्यं पाठ करणारा.” ऑस्ट्रियाविरुद्धच्या पहिल्या युद्धात त्याची बाजू हरली, पण माघार घेताना त्याने आपल्या तोफा चिखलातून ओढून परत आणल्या आणि त्याबद्दल त्याला पदक मिळालं. “पळून आल्याचं पदक,” मी म्हटलं. मुकुंदा असा भडकला की अर्धी फेरी माझ्याशी बोलला नाही. मग क्रिमिया. तिथे शत्रू दिसायच्या आधी कॉलऱ्याने माणसं मारली. मग जिंकलेली युद्धं, मांडीत गोळी, बढत्या. इटली एक झाली आणि हा जनरल झाला. मग त्याला दक्षिणेत पाठवलं, तिथल्या बंडखोरांचा बंदोबस्त करायला. बंडखोर म्हणजे अर्धे जुन्या राजाचे बेकार शिपाई आणि अर्धे उपाशी शेतकरी. नवं राज्य त्यांना दरोडेखोर म्हणायचं.

आणि तिथून परत आल्यावर हे महाशय निवडणुकीला उभे राहिले. मला तो भाग सगळ्यात गमतीचा वाटायचा. गणवेश अंगात असतानाच लोकसभागृहात निवडून गेला. राजधानी तुरीनहून फिरेन्झेला गेली, तिथून रोमला, आणि हा ट्रंका उचलत तिच्यामागून. भाषणं कंटाळवाणी करायचा. पहिल्या वर्षी तर सभागृहाने टाळ्या वाजवल्या की हा सलाम ठोकायचा. पण चिवट. युद्धमंत्री झाला, सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा आणला, शिपायांच्या बुटांवरून विरोधकांशी आठवडेच्या आठवडे भांडला, शेवटी पंतप्रधानही झाला आणि स्वतःच्याच पक्षाच्या लोकांनी पाडला. म्हातारपणी गावाकडे पेअरची झाडं लावली आणि तीन खंडांत आठवणी लिहिल्या. “आता यात एक गंमत आहे,” मुकुंदा म्हणायचा, आणि थांबायचा. त्या आठवणींत रोजचं जेवण लिहिलंय, घोड्यांची नावं लिहिलीत. पण दक्षिणेतल्या त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या पानानंतर थेट नोव्हेंबर सुरू होतो. गाव जळलं ते सप्टेंबरात.

सभागृहात एकदा दक्षिणेकडच्या एका सदस्याने त्याला या गावाबद्दल थेट विचारलं होतं. कामकाजाच्या नोंदीत आहे. जनरल उभा राहिला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, सभागृहाने पुढच्या विषयाकडे वळावं. सभागृह वळलं. मुकुंदा हे सांगताना दर वेळी उभा राहून ते पाणी पिऊन दाखवायचा... त्याला त्या एका घोटाचा फार राग होता.

दहा प्रकरणं त्याने सहा वर्षांत लिहिली. अकरावं, त्या सप्टेंबरचं, अडलं. सुरुवातीला कागद सापडत नव्हते म्हणून. नंतर दुसरंच काहीतरी झालं म्हणून. ते आता मला सांगायला हवं, आणि इथेच मी चारही वेळा उठलो होतो.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मुकुंदा तोवर आमच्या विभागाचा डायरेक्टर झाला होता. मी त्याच्या हाताखाली, आणि माझ्याबरोबर दीपक. दीपक हे त्याचं खरं नाव नाही. दीपक नागपूरचा, जेवणाला बोलावलं तर स्वतःची हिरवी मिरची खिशातून आणणारा, सगळ्यांना ‘बे’ म्हणणारा. आम्ही दोघंही व्हिसावर, दोघांची ग्रीन कार्डं रांगेत अडकलेली. त्याची बायको वैशाली आणि शीलावहिनी एकमेकींच्या शेजारी बसून गाडी शिकलेल्या, एकाच आठवड्यात दोघींना लायसन्स मिळालेलं. दीपकचा मुलगा तेव्हा चौथीत होता. कंपनीने लेऑफ जाहीर केले. एका शनिवारी तळ्यावर मुकुंदा नेहमीपेक्षाही भरभर चालत होता. जनरलचा विषयच नाही. मग एकदम म्हणाला, “सतीश, यादीत एक नाव कमी पडतंय. सोमवारी द्यायचंय. तू किंवा दीपक... मला सुचत नाहीये रे. तूच सांग, मी काय करू?”

असं विचारायला नको होतं त्याने. हे मी आजही म्हणतो. माणसाला त्याच्याच मानेबद्दल सल्ला विचारू नये. पण विचारलं खरं, आणि मी गप्प राहू शकलो असतो. ‘तुझं तू ठरव’ म्हणू शकलो असतो. मी पाव फेरी चालून म्हणालो, “दीपकचं काम मी करू शकतो. माझं काम त्याला जमणार नाही.”

ते खरं होतं. तीच तर पंचाईत आहे. खोटं असतं तर मी केव्हाच कबूल करून मोकळा झालो असतो. मुकुंदाने नुसती मान हलवली, आणि आम्ही उरलेली फेरी पूर्ण केली.

मंगळवारी दीपकचा फोन. “अबे सत्या, मला काढलं ना बे. साठ दिवस आहेत म्हणे. साठ दिवसांत दुसरा जॉब शोधा, नाहीतर चला घरी.” मग जरा थांबून, “तुला काही माहीत होतं का बे?” मी म्हटलं, “नाही रे. मला पण आत्ताच कळतंय.” साठ दिवस त्याने दीडशे ठिकाणी अर्ज केले असतील, फोनवर इंटरव्ह्यू दिले, एकदा पार पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला जाऊन आला. काही जुळलं नाही. परत जाणाऱ्या घरातलं सामान मित्रांनी वाटून घ्यायची आपल्याकडे रीत पडलीय, तसं झालं. कोणी सोफा नेला, कोणी मिक्सर. मला त्याने बर्फ उपसायचं फावडं दिलं. “घे बे, नागपुरात काय मी बर्फ पाडणार आहे?” सगळे हसले. मी सात हिवाळे त्याच फावड्याने अंगण साफ केलंय. दर वेळी हाताला लागतं आणि दर वेळी वाटतं, दुसरं आणावं. आणत नाही.

त्या सेंडऑफला दीपकने मुकुंदाशी हात मिळवला आणि म्हणाला, “थँक यू, सर.” तोवर तो त्याला मुकुंदभाऊ म्हणायचा. डायरेक्टरने नाव दिलं हे सगळ्यांना ठाऊकच होतं, पण त्याआधी मला विचारलं होतं हे मुकुंदाने कोणालाही सांगितलं नाही. शीलावहिनींनाही नाही. त्यांना म्हणाला, निर्णय माझा होता. वैशालीने इथून गेल्यावर वहिनींच्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. आमच्या मराठी मंडळातले दोन-तीन जण मुकुंदाशी तुटक वागायला लागले. एकाने गणपतीला माझ्यासमोर म्हटलं, “स्वतःच्या माणसाची मान कापणारा माणूस.” मी तिथे होतो. हातात प्रसादाची प्लेट होती. मी पुढच्या विषयाकडे वळलो.

शनिवार मात्र चुकले नाहीत. तळं, मग त्यांच्याकडे जेवण. मुकुंदा बारावं प्रकरण लिहायला लागला, तेरावं लिहिलं, चौदावं. मंत्रिपद, बूट, पंतप्रधानपद, पेअरची झाडं. अकरावं कोरं. मी विचारायचो नाही.

मग दोन वर्षांपूर्वी वसंतात त्याचा फोन आला, आवाज चढलेला. “सतीश, पत्र सापडलं!” जनरलच्या हाताखाली एक तरुण कॅप्टन होता, त्याने बहिणीला लिहिलेलं पत्र. सैन्याच्या तुकडीवर डोंगरात हल्ला झाला होता, माणसं मेली होती, आणि वरून हुकूम होता की जबर दहशत बसवा. समोर दोन गावं. हल्लेखोर कुठल्या गावातले, कोणालाच माहीत नाही. संध्याकाळी तंबूत जनरलने कॅप्टनला विचारलं, कारण कॅप्टन त्या भागात महिनाभर राहिलेला. “दोहोंपैकी कुठलं?” आणि कॅप्टनने बोट दाखवलं. दुसऱ्या गावात त्याचा मुक्काम असायचा, तिथली एक बाई त्याला पाव द्यायची. बहिणीला लिहिलं होतं, मी फक्त बोट दाखवलं, हुकूम त्यांचा होता.

मुकुंदा हे सांगत होता आणि माझे कान तापत गेले. “तुला काय म्हणायचंय?” मी विचारलं. तो म्हणाला, “म्हणजे? पत्रात आहे ते सांगतोय.” मी म्हटलं, “मग घाल की पुस्तकात. नावासकट घाल. तळटीप दे. मलाच कशाला फोन करून सांगतोस?” “सतीश, अरे तसं नाही रे...” “विचारलं कोणी होतं? त्या कॅप्टनने स्वतःहून सांगितलं का? विचारणाऱ्याने विचारायलाच नको होतं!” मी फोन ठेवला. तीन महिने आम्ही बोललो नाही. एकाच मजल्यावर बसत होतो, कॉफी मशीनपाशी बाजू देऊन निघून जायचो. शेवटी एका शनिवारी तो दारात येऊन उभा राहिला, बूट घातलेले, म्हणाला, “चल, पाऊस यायच्या आत एक फेरी.” गेलो. कॅप्टनचं नाव दोघांनीही परत काढलं नाही, आणि मला वाटलं, बरं झालं, मिटलं.

तो गेल्यावर तेराव्याला शीलावहिनी म्हणाल्या, “सतीश, ते पुस्तक तूच बघ. दुसऱ्या कोणाला त्यातलं ओ की ठो कळणार नाही.” पुण्याचे प्रकाशक तयार आहेत, वर्षअखेर द्यायचं ठरलेलं. मग दर शनिवारी सकाळी मी त्यांच्या आताच्या घरी तळघरात त्याच्या टेबलापाशी बसायला लागलो. पहिल्याच दिवशी दिसलं, अकरावं प्रकरण पुरं झालेलं आहे. मला न सांगता. एकोणतीस पानं. डोंगर, उन्हाळा, हल्ला, सगळं तारीखवार, ढगांसकट. आणि मग संध्याकाळ. त्याने लिहिलंय:

‘त्या संध्याकाळी जनरलने कोणाचाही सल्ला घेतला नाही. तंबूत दुसरं कोणी नव्हतं. गाव त्याने एकट्याने निवडलं, आणि त्याचा जाब द्यायचा तर त्याच्या एकट्याचा आहे.’

खाली तळटीप नाही. चारशे पानांत तळटीप नसलेली तेवढीच तीन वाक्यं. मी फोल्डर उघडलं. पत्र होतं, स्कॅन केलेलं, शेजारी त्याचं मराठी भाषांतर, तीनदा सुधारलेलं. फाइलला नाव दिलं होतं: ‘कॅप्टन - वापरू नये’.

पहिल्यांदा मला राग आला. खोटं कशाला सांगू? उपकार करायला मी सांगितलं होतं? ज्या माणसाने ढगाला पुरावा मागितला त्याने माझ्यासाठी आपल्या आयुष्याच्या एकुलत्या एका कामात धडधडीत खोटं घातलं, आणि मला विचारलंही नाही. उठलो, तळघरात फेऱ्या मारल्या, परत बसलो. त्या दिवशी काही न करता घरी गेलो. पुढचा शनिवार पहिल्या प्रकरणाच्या शुद्धलेखनात घालवला. त्याच्या पुढचाही. मनात हिशेब साधा होता: पत्र वाचलेली माणसं या जगात दोनच, त्यातला एक गेला. प्रकाशकाला काय कळणार? आणि शेवटी त्याचीच इच्छा होती ना, वापरू नये म्हणून? मेलेल्या माणसाची इच्छा मोडू नये म्हणतात. असं स्वतःला समजावत तळ्यावर एकटाच गेलो, आणि पाव फेरीच्या जागी, जिथे दीपकचं नाव घेतलं होतं तिथे, पोचलो. तिथून परत फिरलो, गाडीत बसलो, थेट त्यांच्या घरी.

शनिवारच होता, सकाळचे नऊ. मी तीन वाक्यं खोडली आणि कॅप्टनला तंबूत आणला. जनरलने विचारलं, त्याने बोट दाखवलं. खाली तळटीप दिली, पत्राचा क्रमांक, पान. टायपिंगच्या चुका होत होत्या. मागे वहिनी चहा घेऊन कधी उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्या स्क्रीनवर वाचत होत्या.

“हा कॅप्टन कुठून आला?” त्यांनी विचारलं. “ह्यांनी मला हे वाचून दाखवलं होतं. तंबूत कोणी नव्हतं.”

“तुम्हाला वाचून दाखवलं होतं?”

“लिहून झालं त्या दिवशी. वाचताना आवाज गेला त्यांचा. मी म्हटलं, दीपक आठवला का? तर हो म्हणाले. मी म्हटलं, अहो, तुमचा काय इलाज होता, कोणालातरी काढावंच लागणार होतं. तर म्हणाले, निर्णय माझाच होता, शीला. किती वेळा तेच.” त्यांनी कप टेबलावर ठेवला. “मग हा कॅप्टन कोण?”

मला जनरलसारखं पाणी पिता आलं असतं. चहा समोरच होता. मी म्हटलं, “वहिनी, बसा.” त्या बसल्या नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं, तळ्यापासून. वाक्य जसंच्या तसं सांगितलं: दीपकचं काम मी करू शकतो, माझं त्याला जमणार नाही. फोनवर ‘नाही रे’ म्हणालो ते सांगितलं. गणपतीतली प्लेट सांगितली.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पडद्यावरच्या त्या तळटिपेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “सात वर्षं तू दर शनिवारी माझ्या हातचं जेवलास.”

“हो.”

“मी तुझ्यादेखत म्हणायचे, वैशाली उत्तर देत नाही. तू आमटी मागून घ्यायचास.”

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मुकुंदा सुटला याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल असं मला कुठेतरी वाटलं होतं, तोही नव्हता. “एकदा सांगायचं तरी मला,” त्या म्हणाल्या. हे माझ्यासाठी होतं की त्याच्यासाठी, मला कळलं नाही. दोघांसाठी असावं. त्यांनी पदराने नाही, माझ्यासमोरच्या पेपर नॅपकिनने डोळे पुसले, मुकुंदाची खुर्ची ओढली आणि बसल्या.

“फोन लाव,” म्हणाल्या.

“कोणाला?”

“तुला माहितेय कोणाला. तिकडे संध्याकाळ आहे, दोघं घरी असतील.”

“माझ्याकडे आता त्यांचा नंबर नाही, वहिनी.”

त्यांनी कुठेही न बघता नंबर सांगितला. वैशालीचा. एकेक आकडा, न अडखळता. मी दाबत गेलो. स्पीकर लाव म्हणाल्या, लावला. चार रिंग वाजल्या आणि वैशालीने उचलला. “हॅलो, कोण?” वहिनींनी तोंडावर हात धरला. सात वर्षांनी ऐकत होत्या तो आवाज.

“वैशाली, मी सतीश. न्यू जर्सीहून. दीपक आहे का जवळ? त्याला बोलाव, आणि तूही ऐक.”

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचं कळलं. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दीपक. “बोल बे सत्या. आम्हाला समजलं मुकुंदचं. वाईट झालं यार...”

“दीपक, आधी ऐक,” मी म्हणालो. “तेव्हा यादीसाठी तुझं नाव मुकुंदाने काढलं नव्हतं. मी काढलं होतं.”

तिकडे कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी. कोणी उठून गॅस बंद केला नाही, आणि कोणी फोनही ठेवला नाही.